कोतवाल बुकातली मुलगी

"ह्यात माझ्या भनी कुटं हायत?" सोनाआजींनी विचारलं.

मी त्यांच्या सोप्यात बसून वंशवृक्षाचा तक्ता समजावून सांगत होते. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, ज्यावर तिरकी रेघ ते माणूस वारलेलं. आमच्या प्रयोगशाळेने तो जाड कागदावर छापून घेतला होता आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'श्रीमती सोनाबाई साळुंखे, वय १०८'. दोन दिवसांनी शाळेच्या पटांगणात आजींचा सत्कार होता. तेव्हा तो तक्ता सगळ्यांना दिसेल असा टांगायचा होता.

"कुठल्या बहिणी, आजी?"

"माझ्या. ह्यो माझा बा, ही माझी आई. त्यांच्याखाली ह्यो येकच गोल. ह्यो मी न्हवं का?"

"हो."

"आन् बाकीच्या?"

मी आजींच्या नातवाकडे पाहिलं. हिंदुराव दारातच उभा होता, ग्रामपंचायतीचा सदस्य, सत्काराच्या गडबडीत दाढी करायलाही फुरसत न मिळालेला. तो हसला. "आज्जीला काय आठवतंय म्याडम? तिला भावंडंच नव्हती. फारमात मीच लिवून दिलंय की."

आजींनी तो तक्ता माझ्या हातातून ओढून घेतला आणि दाराकडे भिरकावला. एवढ्या वयात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "तुला काय ठावं रं, माझ्या बाच्या घरचं? तुझा बाप तरी जल्मला हुता का तवा?"

ही दोन हजार तीन सालची गोष्ट, मार्च महिन्यातली. मी सव्वीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत डॉ. अरविंद दिघ्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. काही माणसं शंभरी का ओलांडतात आणि काही पन्नाशीतच का जातात, हे जनुकांत शोधायचं हे सरांचं काम. काम कसलं, वेड. सरांचे वडील अठ्ठेचाळीसाव्या वर्षी गेले होते, आजोबा पन्नासाव्या. सर तेव्हा सत्तेचाळीसचे होते. जिना चढून आले की दोन बोटं मनगटावर ठेवून नाडी बघायचे, आपल्याला कुणी बघत नाही असं समजून. मला तेव्हा त्यांची फार दया यायची. आता ती आठवली की माझाच मला राग येतो.

पाटणच्या डोंगरातल्या तळेगुंडी आणि आसपासच्या वाड्यांत आम्हाला शंभरी पार केलेली अकरा माणसं सापडली होती. अकरांपैकी नऊ जणांच्या रक्तात, एका ठरावीक जनुकात, एका ठरावीक जागी सारखाच फरक होता. साध्या म्हाताऱ्यांत तो पाचात एकाला असायचा. परदेशातल्या एका मोठ्या नियतकालिकाने आमचा शोधनिबंध स्वीकारला होता. त्यात पहिलं नाव सरांचं आणि दुसरं माझं.

माझं नाव दुसरं का, तर वयं मी शोधली होती. आमच्याकडे कुणीही म्हातारं माणूस खुशाल सांगतं, मी शंभरीचा आहे म्हणून. पुरावा पाहिजे. पुरावा म्हणजे कोतवाल बुक, गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही. ती तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये फडक्यात बांधून ठेवलेली असते, आणि जुनी असेल तर मोडी लिपीत. माझे आजोबा तलाठी होते, त्यांनी मला लहानपणी मोडी शिकवली होती. तेवढ्यावर सरांनी मला घेतलं. बाकी मुलं मशीनसमोर बसायची आणि मी नाकाला रुमाल बांधून धूळ खात बसायची. त्याचा मला केवढा अभिमान होता.

हिंदुरावला मी काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवलं. तक्ता उचलून भिंतीला टेकवला आणि आजींच्या पुढ्यात बसले.

"आजी, तुम्ही किती बहिणी होता?"

"चौघी. मी शेवटली."

"सगळ्यांत मोठी कोण?"

"चंद्री. मधल्या दोघी बारक्या असतानाच मेल्या, मी न्हाई बगितल्या. चंद्री व्हती. तिनंच मला वाढीवलं."

"आणि तुमचं माहेरचं नाव काय? सोना हे सासरचं ना?"

आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग तोंड फिरवून म्हणाल्या, "नकुशी."

मी त्याच जिल्ह्यातली. नकुशी हे नाव कुणाला ठेवतात हे मला कुणी सांगायला नको होतं. मुलीमागून मुली झाल्या की शेवटच्या पोरीला ठेवतात, नको असलेली म्हणून. पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून. पहिल्या मुलीचं नाव नकुशी ठेवल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. तुम्हीही ऐकलं नसेल.

आणि मी शोधून काढलेली नोंद पहिल्या मुलीची होती.

आजींचं माहेर घोटवडी. तिथल्या कोतवाल बुकात अठराशे पंच्याण्णव साली लिहिलं होतं, 'रायाजी मोहिते यास स्त्री जात अपत्य, पहिले.' बस एवढंच. नाव नाही. जन्माची नोंद दोनचार दिवसांत व्हायची आणि बारसं बाराव्या दिवशी, मग नाव असणार कुठून? ही गोष्ट मला माहीत होती. पण सरांनी सांगितलं होतं, शंभरीच्या वरचे हवेत, तेव्हा अठराशे त्र्याण्णव ते एकोणीसशे तीन सालापर्यंतच बघ. मी त्र्याण्णवपासून पानं उलटायला घेतली, पंच्याण्णवला रायाजीची मुलगी मिळाली, मी पान उतरवून घेतलं आणि वही बांधून ठेवली. पुढचं पान उलटलं नाही. जे शोधायला पाठवलं होतं ते सापडलं होतं.

"आजी, चंद्राताई कधी गेल्या?"

"मानमोडीच्या साली. घरटी माणूस मेलं बग तवा. तापानं फणफणली हुती. त्याच दिवशी माझा दात पडला, ह्यो पुढला. तिनं निजल्या निजल्या सांगितलं, छपरावर टाक म्हणून. मी टाकून आत आले तवर ती गेली हुती."

मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, एकोणीसशे अठराची. दुधाचे दात पडत होते म्हणजे पोर सहा-सात वर्षांची. वजाबाकी करायला मला कागद लागला नाही. एकशे आठ नव्हे, एक्याण्णव.

"चंद्रीचं लगीन अकराव्या वर्सी झालं, चौदाव्याला कपाळ पांढरं करून घरला आली," आजी सांगत होत्या. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "मी झाले तवा आजीनं आईला सांगितलं, हिला पदराखाली घ्यायची न्हाई. चौथी पोर. कोपऱ्यात टाकली मला, फडक्यात. चंद्रीनं शेळीचं दूध काढलं, आन् कापसाच्या बोळ्यानं पाजलं. मार खाल्ला तिनं त्याच्यापायी. आजीनं चुलीतलं लाकूड घातलं पाठीत. तरी पाजलं. म्हनली, ही माझी हाय, तुमाला नको तर नको."

त्यांनी तक्त्याकडे बोट केलं.

"आन् तुमी तिला ह्यातनं काढली. वर तिचं वय माझ्या अंगावर घातलं. मेलेल्या माणसाचं कापड कुणी घालतं का गं?"

हिंदुरावचा राग आला, फॉर्म भरताना आजी शेजारीच बसलेली असून तिला एक शब्द न विचारणाऱ्याचा. मग आठवलं, तो फॉर्म मीच त्याच्या हातात दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने मी तालुक्याला गेले. तीच रेकॉर्ड रूम, तेच फडकं. ह्या वेळी सगळी पानं उलटली. एकोणीसशे बारा, ज्येष्ठ महिना, 'रायाजी मोहिते यास स्त्री जात अपत्य, चौथे'. आणि अठरा सालच्या मृत्यूंच्या यादीत, एकाच आठवड्यात सतरा नावं, त्यांत अकरावं, 'चंद्रा, रायाजी मोहिते याची लेक, विधवा, वय तेवीस, ताप.' मृत्यूच्या नोंदीला नाव असतं. जगात आल्याचं नाव नाही आणि गेल्याचं तेवढं आहे.

दुपारी परत येऊन मी आजींना माझ्या वहीतून ते वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

"चंद्रा म्हणून लिवलंय?"

"हो, आजी."

"सरकारी बुकात?"

"हो."

त्यांनी वहीतल्या त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मंग आता आकडा बदलशील न्हवं? आन् तिचा गोल काढशील?"

"काढीन. शब्द देते." हे मी म्हणाले. हात त्यांच्या हातावर ठेवून म्हणाले.

सर संध्याकाळी जीपने आले, दोन वार्ताहर सोबत घेऊन. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात मी त्यांना गाठलं आणि दोन्ही नोंदी समोर ठेवल्या. त्यांनी त्या शांतपणे वाचल्या, चष्मा काढून पुसला.

"म्हणजे अकरांतली एक कमी. दहा उरले."

"सर, दहाही मीच शोधलेत. ह्याच पद्धतीनं. त्यांत सात बायका आहेत. सगळ्यांच्या नोंदी बिननावाच्या आहेत."

"एक्याण्णव हेही काही कमी वय नाही, हेमलता."

"पण आपण शंभरीचं लिहिलंय. वय चुकलं तर उरलं काय आपल्याकडे? निबंध मागे घ्यायला हवा, सर. पुन्हा तपासू. वर्ष लागेल, पण तपासू."

सर हसले. त्यांचं हसू मला आजही समोर दिसतं, आणि आजही हात शिवशिवतात. "वर्ष? माझ्याकडे किती वर्षं आहेत हे तुला माहीत आहे का? आणि मागे घेताना काय लिहायचं? की वयाच्या नोंदींत चूक झाली. नोंदी कुणी काढल्या? खाली सही कुणाची आहे?"

"त्र्याण्णव ते तीनच बघ असं तुम्ही सांगितलं होतं."

"लेखी?"

मग मात्र मी आवाज चढवला. घरात मला सगळे फटकळ म्हणतात, आणि त्या संध्याकाळी मी ते सार्थ केलं. तुम्हाला उत्तर आधी पाहिजे होतं आणि माणसं नंतर, असं म्हणाले. तुमच्या वडिलांच्या मरणाची भीती तुम्ही त्या म्हातारीच्या गळ्यात अडकवता आहात, असंही म्हणाले. ते बोलायला नको होतं, पण खोटं नव्हतं. खानसामा चहा घेऊन आला होता तो तसाच मागे फिरला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जूनमध्ये तुझा प्रबंध जमा व्हायचाय. त्याचा पाया हेच अकरा लोक. आता जाऊन झोप. सकाळी नीट विचार कर."

सकाळी मी नीट विचार केला. तिथेच घात झाला.

सत्काराला पाचसहाशे माणसं होती. शाळेची मुलं रांगेत, बायका एका बाजूला, व्यासपीठावर सरपंच, सर आणि मधल्या खुर्चीत आजी, अंगावर नवं हिरवं लुगडं. मागे तो तक्ता, हिंदुरावने चौकट करून आणलेला. वर तोच आकडा आणि खाली तोच एकटा गोल. मी सरांच्या मागच्या खुर्चीत होते. आजींनी तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या कागदांत डोकं घातलं.

सरांचं भाषण झालं, शाल झाली, नारळ झाला. वार्ताहरांपैकी एकाने माईक आजींच्या तोंडापुढे धरला. "आजी, एकशे आठ वर्षं जगलात. रहस्य काय?"

"मी एक्याण्णव वर्साची हाय," आजी म्हणाल्या. माईकमधून ते पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "एकशेआठाची माझी भन. चंद्री. ती मेली मानमोडीत. ह्यो आकडा तिचा हाय, माझा न्हाई."

पटांगण हसलं. वाईट हसू नव्हतं ते. आपल्या घरच्या म्हातारीला हसतात तसं मायेचं होतं. ते ऐकून आजींच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

सरांनी हळूच माईक आपल्याकडे घेतला. "या वयात आठवणींत माणसं मिसळतात," ते म्हणाले. "आजींना इतकंही आठवतं हेच नवल आहे. आपण टाळ्या वाजवू या." टाळ्या पडल्या.

आजी उठल्या. खुर्चीच्या पाठीला धरून मागे वळल्या आणि माझ्याकडे हात केला. "मी यडी न्हाई. ह्या पोरीला ठावं हाय. तिनं बुकात वाचलंय, तारखेसकट. सांग गं पोरी. सांग त्यास्नी."

सगळी माना वळवून माझ्याकडे बघू लागली. सरांनी मात्र मान वळवली नाही. त्यांची पाठ माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि ती अगदी स्थिर होती. वही माझ्या पिशवीत होती. चार वाक्यं बोलायची होती. मी, फटकळ हेमलता गुरव, जिने आदल्या दिवशी व्हरांडा डोक्यावर घेतला होता, उठून उभी राहिले.

"आजी, दमलात तुम्ही," मी म्हणाले. "बसा."

पुढचं लांबण लावत नाही. निबंध छापून आला. जूनमध्ये माझा प्रबंध जमा झाला आणि पुढच्या वर्षी नावामागे डॉक्टर लागलं. तो फरक पुढे जपानमध्ये शोधला, इटलीत शोधला, कुणालाच सापडला नाही, आणि हळूहळू लोकांनी आमचं नाव घेणं सोडून दिलं. खोटे ठरलो असतो तर बरं झालं असतं; आम्ही नुसते विसरले गेलो. सर आता सत्तरीला आले आहेत, रोज टेकडी चढतात. आजी सत्कारानंतर तीन वर्षांनी गेल्या. पेपरात चौकटीत बातमी होती, एकशे अकराव्या वर्षी निधन. ती वाचून मी पेपर फाडला, तेवढंच माझ्या हातून झालं. मध्यंतरी त्या नियतकालिकाला सगळं कळवलं, नोंदींच्या प्रतींसकट. पत्र मिळालं, योग्य ती दखल घेऊ, असं दोन ओळींचं उत्तर आलं. निबंध अजून तसाच आहे आणि त्यावर दुसरं नाव माझंच आहे.

पंधरा वर्षं मी सरांवर राग काढला. वर्गात, घरात, जो ऐकेल त्याच्यापाशी. सरांनी माझ्यावर दडपण आणलं, हे खरंच आहे. पण त्या पटांगणात सरांनी माझ्या तोंडावर हात ठेवला नव्हता. हे कळायला मला पंधरा वर्षं लागायला नको होती, कारण आजींनी ते त्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर व्यासपीठाच्या पायऱ्या उतरताना मी त्यांचा दंड धरला. हिंदुराव वार्ताहरांशी बोलण्यात गुंतला होता. आजी पायरीवरच थांबल्या. त्यांचा राग एवढ्यात कुठे गेला असं मला वाटलं, कारण त्यांनी अगदी सहज, कुणा पाहुणीला विचारावं तसं विचारलं,

"तू कितवी गं, आईबापाची?"

"पहिली," मी म्हणाले. "मागे एक बहीण आणि भाऊ."

"पयली?"

"हो, आजी."

त्यांनी माझी बोटं आपल्या दंडावरून एक एक करून काढली.

"माझी चंद्रीबी पयलीच हुती," त्या म्हणाल्या, आणि उरलेल्या पायऱ्या एकट्याच उतरून गेल्या.